ब्रेक लावल्यावर मोमेंटचा हिशेब का चुकतो?

सोलापुरातल्या सात रस्त्याकडे एक दुचाकी येते आहे. सिग्नल लाल होतो, चालवणारा ब्रेक दाबतो आणि गाडीचं नाक खाली बसतं. पुढचे शॉकअप दबले, म्हणजे पुढच्या चाकावरचा भार वाढला. तो नेमका किती वाढला, हे काढायला सोपं वाटतं. पण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची बरीच मुलं इथे अडतात, आणि ती ज्या जागी अडतात तीच जागा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

आकडे सोपे घेऊ. गाडी आणि चालवणारा मिळून २०० किलो. दोन चाकं जिथे जमिनीला टेकतात त्या जागांमधलं अंतर १.२५ मीटर. सगळ्याचं मिळून वस्तुमानकेंद्र (सगळं वस्तुमान जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू) बरोबर मध्यावर, जमिनीपासून ०.६५ मीटर उंच. ब्रेकमुळे गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतोय. गुरुत्वाकर्षणाचं त्वरण या लेखात सगळीकडे १० धरतो, म्हणजे आकडेमोड तोंडी होईल. वजन झालं २००० न्यूटन. चाकांच्या स्वतःच्या फिरण्यातलं जडत्व लहान असतं, ते सोडून देऊ.

आता मुलं काय करतात ते पाहा. मागचं चाक जमिनीला टेकतं त्या बिंदूभोवती मोमेंट घेतात. मोमेंट म्हणजे बल गुणिले त्या बिंदूपासून बलाच्या रेषेचं लंब अंतर. वजनाचा मोमेंट २००० गुणिले ०.६२५, म्हणजे १२५० न्यूटन-मीटर. पुढच्या चाकाखालून जमीन वर ढकलते, तिचं अंतर १.२५ मीटर. ब्रेकमुळे टायर आणि रस्त्यात जे घर्षण होतं ते जमिनीलगतच, त्याची रेषा याच बिंदूतून जाते, म्हणून त्याचा मोमेंट शून्य. दोन्ही बाजू सारख्या केल्या की पुढच्या चाकावर १००० न्यूटन आणि मागच्यावरही १००० न्यूटन. उभ्या गाडीत असतात तितकेच.

याचा अर्थ ब्रेक कितीही दाबा, भार जागचा हलत नाही. शॉकअप तर डोळ्यांदेखत दबले! बेरीज-गुणाकारात एकही चूक नाही, आकृतीत एकही बल काढायचं राहिलेलं नाही. चुकलाय तो नियम. "मोमेंटची बेरीज शून्य" हे वाक्य उभ्या वस्तूसाठी खरं आहे, किंवा एकाच वेगानं सरळ जाणाऱ्या वस्तूसाठी. ही गाडी यांपैकी काहीच करत नाहीये. तिचा वेग कमी होतोय.

आता तेच गणित वस्तुमानकेंद्राभोवती करू. वजन केंद्रातूनच जातं, त्याचा मोमेंट शून्य. घर्षणाचं बल २०० गुणिले ५, म्हणजे १००० न्यूटन, आणि ते केंद्राच्या ०.६५ मीटर खाली आहे. त्याचा मोमेंट ६५० न्यूटन-मीटर, गाडीला पुढच्या बाजूनं कलंडवणारा. गाडी प्रत्यक्षात गोल फिरत नाहीये, तेव्हा दोन चाकांखालच्या बलांनी हा मोमेंट तंतोतंत अडवायला हवा. पुढचं बल उणे मागचं बल, गुणिले ०.६२५, बरोबर ६५०. फरक येतो १०४० न्यूटन, बेरीज २००० न्यूटन. उत्तर: पुढे १५२०, मागे ४८०. पुढच्या चाकावर मागच्याच्या तिपटीहून जास्त भार.

एकच गाडी, तीच बलं, फक्त मोमेंट घेण्याचा बिंदू बदलला आणि उत्तर बदललं. उभ्या वस्तूत असं कधीच होत नाही. तिथे बिंदू कुठलाही घ्या, सोय बघून घ्या, उत्तर एकच येतं. तीच सवय पुढच्या सत्रात, गतिशास्त्रात, नडते.

केंद्रालाच हा मान का?

"वस्तुमानकेंद्राभोवतीच घ्यायचा" असं पाठ करून परीक्षा सुटते, पण कारण समजून घ्यायला दहा मिनिटंही लागत नाहीत आणि एकदा समजलं की पाठ करायचं काही उरत नाही.

दृढ वस्तू म्हणजे जिचे कण एकमेकांपासूनचं अंतर बदलत नाहीत अशी वस्तू. खऱ्या जगात अशी वस्तू नसते, पण लोखंडी सळई, कपाट, भरलेली ट्रॉली यांना तसं मानून चालतं. अशा वस्तूचे लाखो बारीक कण कल्पा. प्रत्येक कणाला न्यूटनचा साधा नियम लागू आहे: त्याच्यावरचं एकूण बल बरोबर त्याचं वस्तुमान गुणिले त्याचं त्वरण. कण एकमेकांना ओढतात, ढकलतात, पण ती बलं जोडीजोडीनं, सारखी आणि उलट्या दिशेची असतात. सगळ्या कणांची बेरीज केली की ती कटतात आणि फक्त बाहेरून लागलेली बलं उरतात.

या बेरजेतून दोन गोष्टी निघतात. पहिली, बाहेरच्या बलांची बेरीज म्हणजे एकूण वस्तुमान गुणिले वस्तुमानकेंद्राचं त्वरण. इथे बल कुठे लागलं याला काही किंमत नाही. सळईच्या टोकाला ढकला किंवा मधोमध, बल तेवढंच असेल तर केंद्राचं त्वरण तेवढंच. बऱ्याच जणांना हे पटत नाही. टोकाला ढकललं तर सळई "नुसतीच फिरेल" असं वाटतं. ती फिरते हे खरं, पण फिरता फिरता तिचं केंद्र पहिल्याइतक्याच त्वरणानं पुढे जातं.

दुसरी गोष्ट मोमेंटची. कुठलाही एक स्थिर बिंदू घ्या. बाहेरच्या बलांच्या मोमेंटची बेरीज ही प्रत्येक कणाच्या "वस्तुमान गुणिले त्वरण" या राशीच्या, त्याच बिंदूभोवतीच्या मोमेंटच्या बेरजेइतकी असते. समीकरणाला उजवी बाजू आहे, हे इथलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. स्थिर वस्तूत उजवी बाजू शून्य असते म्हणून ती दिसत नाही, आणि न दिसल्यामुळे ती नाहीच असं मनात बसतं.

ही उजवी बाजू दोन तुकड्यांत मोडते. एक तुकडा असा, की जणू सगळं वस्तुमान केंद्रात गोळा झालंय आणि केंद्राचं त्वरण तिथे बाणासारखं काढलंय. त्या बाणाचा निवडलेल्या बिंदूभोवतीचा मोमेंट. दुसरा तुकडा वस्तूच्या केंद्राभोवती फिरण्याचा: जडत्वाघूर्ण गुणिले कोनीय त्वरण, म्हणजे फिरण्याचा वेग ज्या दरानं बदलतोय तो दर. जडत्वाघूर्ण, म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया, हे वस्तुमान अक्षापासून किती लांब पसरलंय त्याचं माप. अंतराचा वर्ग होतो, त्यामुळे लांबचा एक किलो जवळच्या एक किलोपेक्षा कितीतरी जास्त अडवतो.

निवडलेला बिंदू म्हणून केंद्रच घेतलं, तर पहिला बाण त्याच बिंदूतून जातो आणि तो तुकडा आपोआप शून्य होतो. केंद्राचा मान तो एवढाच. दुसरा बिंदू घेण्याला बंदी नाही, फक्त पहिल्या तुकड्याचा हिशेब द्यावा लागतो. आपल्या दुचाकीत मागच्या टायरखालचा बिंदू घेतला, तर उजव्या बाजूला २०० गुणिले ५ गुणिले ०.६५, म्हणजे ६५० लिहायचं. पुढचं बल गुणिले १.२५, उणे १२५०, बरोबर ६५०. पुढचं बल १५२०. उत्तर जुळलं.

आणखी दोन जागा अशा आहेत जिथे पहिला तुकडा वेगळा लिहावा लागत नाही. एक, वस्तूचा खराखुरा खिळलेला बिंदू: दाराची बिजागरी, पंख्याचा अक्ष. दोन, असा बिंदू ज्याचं त्वरण सरळ केंद्राच्या दिशेनं असतं, उदाहरणार्थ न घसरता घरंगळणाऱ्या समतोल चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू. या दोन्हींसाठी जडत्वाघूर्ण मात्र त्या बिंदूभोवतीचं घ्यायचं, केंद्राभोवतीचं नाही. बाकी कुठेही "सोपं पडतं" म्हणून बिंदू घेतला आणि उजवीकडे गप्प बसलं, की चूक झाली.

काही शिक्षक हे उलट मांडून शिकवतात. वस्तुमान गुणिले त्वरण एवढं एक कल्पित बल केंद्रावर, त्वरणाच्या विरुद्ध दिशेला काढायचं. वस्तू फिरत असेल तर तसंच एक कल्पित मोमेंटही विरुद्ध दिशेला काढायचा. मग सगळं स्थिर मानून कुठल्याही बिंदूभोवती बेरीज शून्य करायची. ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ दालांबेरनं १७४३ मध्ये मांडलेल्या तत्त्वावरून आलेली आहे, आणि ती अगदी बरोबर आहे. अट एवढीच की ते कल्पित बल केंद्रावरच काढायचं आणि एकदाच मोजायचं. आकृतीत कल्पित बल काढून शिवाय समीकरणाच्या उजवीकडे पुन्हा त्वरण लिहिलेली उत्तरपत्रिका कुठल्याही कॉलेजात सापडेल.

न्यूटनचे नियम १६८७ मध्ये छापले गेले, पण घन वस्तूच्या फिरण्याची पूर्ण समीकरणं यायला आणखी साठेक वर्षं गेली. ती लिओनार्ड ऑयलरनं १७५० च्या सुमारास मांडली आणि १७६५ च्या ग्रंथात सविस्तर लिहिली. इतका हुशार माणूस त्यावर वर्षानुवर्षं खपला, तेव्हा विद्यार्थ्याला हे एका तासात कळलं नाही म्हणून त्याला रागावण्यात अर्थ नाही.

पुढचा ब्रेक, उसाची ट्रॉली

दुचाकीच्या हिशेबावरून एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी. "पुढचा ब्रेक दाबू नको, पालथा पडशील" हा सल्ला घराघरांत दिला जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचं घर्षण भाराच्या ०.७ पट मिळतं असं धरू आणि वरचेच आकडे वापरू. फक्त मागचा ब्रेक लावला तर गाडी हळू होताना मागच्या चाकावरचा भार कमी होतो, भार कमी झाला की घर्षण कमी मिळतं, आणि मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, २.६ च्या आसपास येऊन थांबतं. त्यापुढे चाक लॉक होऊन घसरतं. फक्त पुढचा ब्रेक लावला तर भार पुढे येतो, घर्षण वाढतं, आणि मंदन ५.५ पर्यंत जातं. दोन्ही मिळून ७.

ताशी ५० किलोमीटरवरून थांबायला लागणारं अंतर यावरून काढा. नुसत्या मागच्या ब्रेकनं साडेसदतीस मीटर. नुसत्या पुढच्या ब्रेकनं साडेसतरा. दोन्हींनी चौदाच्या आत. समोर अचानक पोर आडवं आलं तर या वीस-चोवीस मीटरच्या फरकात काय होतं ते कुणी सांगायला नको. वाळू, ओला रस्ता किंवा वळण असेल तर पुढचं चाक लॉक होणं जास्त धोक्याचं, म्हणून ब्रेक झटक्यात न दाबता दाब वाढवत न्यायचा. चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना सक्तीची झाली. लहान दुचाकींना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस तरी हवीच, असा नियम झाला. त्यामागचं कारण हेच ६५० न्यूटन-मीटर आहेत.

आणि पालथं पडण्याचं काय? मागचं चाक उचललं जायला त्यावरचा भार शून्य व्हावा लागतो. आपल्या आकड्यांत त्याला ९.६ एवढं मंदन लागेल, आणि आपण धरलेला रस्ता ७ च्या वर देतच नाही. टायर आधी घसरेल, गाडी उलटणार नाही. वस्तुमानकेंद्र फार उंच असेल किंवा उताराला तोंड खाली असेल तर मात्र हे आकडे बदलतात.

घसरणं आधी की उलटणं आधी, हा प्रश्न उसाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात रोज रस्त्यावर दिसतो. ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या जोडलेल्या, उसाच्या मोळ्या फळीच्या कितीतरी वर रचलेल्या, आणि कारखान्याकडे वळायचा फाटा. वळणावर वेग तोच राहिला तरी दिशा बदलते, म्हणजे त्वरण आहेच. ते वळणाच्या आतल्या बाजूला असतं, वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या एवढं. टायरवरचं आडवं घर्षण जमिनीशी, वस्तुमानकेंद्र वर. ब्रेकचंच गणित, फक्त आडवं फिरवलेलं.

आतल्या बाजूच्या चाकांवरचा भार शून्य झाला की ट्रॉली उलटायच्या बेताला येते. ते कधी होतं? आडवं त्वरण भागिले गुरुत्वत्वरण हे, चाकांमधल्या अर्ध्या अंतराला केंद्राच्या उंचीनं भागून येणाऱ्या आकड्याइतकं झालं की. उदाहरणादाखल चाकांमधलं अर्धं अंतर ०.८ मीटर आणि वळणाची त्रिज्या १५ मीटर धरू. उसानं भरलेल्या ट्रॉलीचं केंद्र १.८ मीटर उंच धरलं तर आडव्या त्वरणाची मर्यादा ४.४, आणि वेग ताशी २९ किलोमीटर. रिकाम्या ट्रॉलीचं केंद्र १ मीटरवर धरलं तर मर्यादा ८, वेग ताशी ३९.

या दोन आकड्यांत एक भयंकर फरक दडलाय. रिकाम्या ट्रॉलीला उलटायला ०.८ पट घर्षण हवं, रस्ता देतो ०.७. म्हणजे ती आधी घसरते, टायर ओरडतात, चालकाला इशारा मिळतो. भरलेलीला लागतं फक्त ०.४४. ती घसरत नाही, कसलाही आवाज न करता थेट कलंडते. त्यात रस्त्याचा बाहेरचा उतार, मोळ्यांचं सरकणं, टायरचं दबणं आणि खड्डा, यांतली प्रत्येक गोष्ट ती २९ ची मर्यादा आणखी खाली आणते. वजन या गणितात कुठेच नाही, हे लक्षात घ्या. वजन दोन्ही बाजूंना येतं आणि कटतं. जास्त ऊस भरल्यामुळे ट्रॉली उलटते ती ऊस जड असतो म्हणून नाही, तर तो उंच रचलेला असतो म्हणून.

घर बदलताना टेम्पोत उभं ठेवलेलं लोखंडी कपाटही याच नियमात बसतं. खोली ४८ सेंटिमीटर, उंची १९५ सेंटिमीटर, दार पुढे किंवा मागे तोंड करून. रिकामं कपाट २.५ एवढ्या त्वरणालाच कलंडायला लागतं, आणि टेम्पोचा जरा जोरात दाबलेला ब्रेकही त्याहून जास्त मंदन देतो. आडवं ठेवा, नाहीतर दोरीनं वरच्या भागातून बांधा. खालून बांधलेल्या दोरीचा मोमेंट जवळजवळ काहीच नसतो.

सुताचा बीम

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या किंवा पूर्वभागातल्या यंत्रमागावर ताण्याचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, बघा. त्याचा अक्ष खिळलेला आहे, त्यामुळे अक्षाभोवती मोमेंट घ्यायला काहीच अडचण नाही. मागावर बीम अगदी हळू उलगडतो, त्वरण जवळजवळ शून्य, म्हणून इथे जुना स्थिर नियम चालतो: सुताचा ताण गुणिले बीमची त्रिज्या बरोबर ब्रेकचा मोमेंट. साखळी आणि वजनाच्या जुन्या ब्रेकमध्ये मोमेंट तोच राहतो, बीम मात्र बारीक होत जातो. त्रिज्या निम्मी झाली की ताण दुप्पट. म्हणून विणकर मधूनमधून वजन कमी करतो किंवा सरकवतो; नाहीतर धागे तुटायला लागतात.

ताण्याचं सूत बीमवर गुंडाळणाऱ्या वॉर्पिंग मशीनवर गोष्ट वेगळी. तिथे बीम जोरात फिरतो आणि एक धागा तुटला तरी तो पटकन थांबवावा लागतो, नाहीतर तुटलेलं टोक आत गुंडाळलं जातं. इथे कोनीय त्वरण मोठं, आणि जडत्वाघूर्ण मध्ये येतं. भरीव दंडगोलाचं जडत्वाघूर्ण वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग याच्या निम्मं असतं. सुताचं वस्तुमानही त्रिज्येच्या वर्गानं वाढतं. मधला नळा सोडून दिला तर एकूण वाढ त्रिज्येच्या चौथ्या घातानं होते. त्रिज्या दुप्पट, जडत्वाघूर्ण सोळापट. सुताचा वेग तोच ठेवायचा तर मोठा बीम निम्म्या गतीनं फिरतो, तरी तेवढ्याच वेळात थांबवायला ब्रेकचा मोमेंट आठपट लागतो. बीम भरत आला की थांबताना धागा आत जाण्याचे प्रकार वाढले, तर ब्रेकचे पट्टे तपासायच्या आधी हा आठाचा आकडा आठवावा.

नंदीध्वज

मकरसंक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत निघणाऱ्या मानाच्या सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज, ज्यानं पाहिले आहेत त्याला हा विषय वेगळ्या रीतीनं कळू शकतो. पांढऱ्या बाराबंदीतला एक माणूस कितीतरी माणसं उंचीची काठी कमरेच्या पट्ट्यात टेकवून, हातांनी सावरत, गर्दीतून चालत नेतो. ही श्रद्धा आहे, आणि वर्षानुवर्षांच्या सरावानं अंगात मुरलेलं कसबही आहे. ते कसब समीकरणांत बघितलं की माझा त्याबद्दलचा आदर वाढतो.

आधी काठी पडते कशी ते बघू. खालचं टोक जागेवर राहिलं आणि काठी थोडी कलली, तर तो खिळलेला बिंदू झाला. सगळीकडे सारख्या जाडीच्या काठीचं टोकाभोवतीचं जडत्वाघूर्ण वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले तीन. वजनाचा मोमेंट वाढतो लांबीनं, जडत्वाघूर्ण वाढतं लांबीच्या वर्गानं. म्हणून कोनीय त्वरण लांबीच्या उलट प्रमाणात: काठी जितकी लांब तितकी ती सावकाश पडते. एक अंश कललेली एक मीटरची काठी दहा अंशांपर्यंत झुकायला पाऊण सेकंद घेते. काठी नऊ मीटरची धरली तर तिला २.३ सेकंद लागतात, बरोबर तिप्पट. तेवढ्या वेळात अनुभवी माणूस पाऊल टाकून टोक पुन्हा खाली आणू शकतो.

वरच्या टोकाला सजावटीचं वजन असलं तर? अंदाज उलटा लागतो. लांबी तीच, पण सगळं वस्तुमान वरच्या टोकाला गोळा केलं तर त्याच कोनाला कोनीय त्वरण दीडपटीनं कमी होतं. काठी आणखी सावकाश कलते. मात्र एकदा कलली की तिला परत ओढायला हातांनी द्यावा लागणारा मोमेंट वाढतो. वेळ जास्त मिळतो, ताकद जास्त लागते.

आता खरा प्रश्न, चालण्याचा. माणूस चालायला लागला की खालचं टोक त्वरणात येतं आणि तो खिळलेला बिंदू राहत नाही. केंद्राकडे परत जायचं. उभ्या काठीच्या फक्त खालच्या टोकाला पुढे ढकललं, तर केंद्र पुढे जातं, पण त्या बलाचा केंद्राभोवती मोमेंटही होतो आणि काठी मागे कलायला लागते. सारख्या जाडीच्या काठीचा हिशेब केला तर त्या पहिल्या क्षणी खालचं टोक केंद्राच्या चौपट त्वरणानं पुढे जातं, वरचं टोक केंद्राच्या दुप्पट त्वरणानं मागे येतं, आणि खालून दोन-तृतीयांश उंचीवरचा एक बिंदू जागचा हलतच नाही. असं ढकलून काठी घेऊन चालता येणार नाही. ती मागच्या गर्दीवर जाईल.

काठी न फिरता पुढे न्यायची तर खालच्या टोकाला लागणारं बल केंद्रातूनच जायला हवं, म्हणजे काठीच्याच दिशेत हवं. त्याचा उभा भाग वजन पेलेल, आडवा भाग त्वरण देईल. त्यासाठी काठी आधीपासून पुढे झुकलेली हवी, आणि किती, तर आडवं त्वरण भागिले गुरुत्वत्वरण एवढ्या चढानं. अर्धा मीटर प्रति वर्गसेकंद अशी बेताची सुरुवात करायची तरी नऊ मीटरच्या काठीचं वरचं टोक तळाच्या ४५ सेंटिमीटर पुढे, म्हणजे जवळजवळ एक हात पुढे असायला लागतं. आणि ती पुढे झुकवायची कशी? खालचं टोक क्षणभर मागे घेऊन. पुढे निघण्याआधी तळ किंचित मागे जातो. हातांचा आधार असल्यामुळे यातलं थोडं काम वरूनही होतं, पण मूळ हिशेब हाच. एकदा चाल एकसारखी झाली की त्वरण शून्य, आणि काठी पुन्हा उभी. थांबताना सगळं उलट: थांबायच्या आधीच तळ थोडा पुढे काढून काठी मागे झुकू द्यावी लागते. पुढच्या संक्रांतीला मिरवणूक निघताना सगळे वर, टोकाकडे बघत असतील तेव्हा नंदीध्वजधाऱ्याच्या पहिल्या पावलाकडे बघा.

तोवर घरी करून बघण्यासारखं. झाडूची लांब दांडी तळहातावर तोलून बघा, मग पेन्सिल. पेन्सिल तोलली जाणार नाही; तिला दहा अंश झुकायला एक-तृतीयांश सेकंदाच्या आसपासच वेळ लागतो आणि आपला हात तेवढ्यात जागा बदलू शकत नाही. मग दांडीच्या वरच्या टोकाला कणकेचा मोठा गोळा लावा आणि पुन्हा तोला. गोळा तसाच ठेवून दांडी उलटी करा, गोळा तळहाताशी येऊ द्या. दुसऱ्या वेळी ती लवकर पडते, कारण केंद्र खाली आलं आणि काठी पुन्हा आखूड काठीसारखी वागायला लागली.